वेगाचा ताप

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण तेथे खरेदीला जाणारा माणूस ते नाव क्वचितच घेतो. रेडिओ आणि त्याचे सुटे भाग यांसाठी एके काळी ओळखला जाणारा ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा रस्ता पुढे संगणकांचा झाला. मराठी शिकवणाऱ्या बाईला तेथे एरवी काही काम नसते. मे २०२३ मध्ये मी मुलासोबत तेथे गेले, ती एक मदरबोर्ड घेण्यासाठी.

मुलगा अकरावी संपवून बारावीत जाणार होता. लालबागच्या एका मंडळाच्या सजावटीची त्रिमितीय चित्रे तो ब्लेंडरवर तयार करीत असे आणि मिनिटभराची चित्रफीत घडवायला आमच्या जुन्या संगणकाला सारी रात्र लागे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही मिळून वीस हजारांच्या आत बसवायचे, अशी मी मर्यादा घातली होती. त्यावर त्याचे उत्तर तयार होते : प्रोसेसर मध्यम घेऊ आणि ओव्हरक्लॉक करू.

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. मूळ ठोक्याला एका ठरावीक अंकाने गुणले की त्याचा वेग मिळतो. कारखान्याने नेमून दिलेला हा वेग आपण वाढवायचा, याचे नाव ओव्हरक्लॉकिंग. या छंदाची दंतकथा झालेला प्रोसेसर म्हणजे १९९८ चा इंटेल सेलेरॉन ३०० ए. त्याचा गुणक साडेचार होता. मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर धावे. ॲबिट कंपनीचा बीएच ६ हा मदरबोर्ड अशा लोकांचा लाडका होता, कारण त्यावर हा बदल थेट पडद्यावरून करता येई.

या शब्दाला मराठी प्रतिशब्द मला सुचेना. तो बाबांनी दिला. बाबा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते खात्यात परतले ते कधीच नाही. पुढे लालबागच्या चाळीत गॅलरीत बसून ते पंखे आणि मिक्सर यांच्या मोटारी वाइंडिंग करीत. नातवाचे सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “म्हणजे पुली बदलायची.”

रिंगफ्रेमच्या मोटारीची पुली बदलली की चात्यांचा वेग वाढतो. वेग वाढला की सूत अधिक तुटते आणि तुटलेले सूत जोडायला माणूस मात्र तोच असतो. मुंबईच्या गिरण्यांतला हा जुना तंटा आहे. १९२८ च्या सार्वत्रिक संपामागेही एकेका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपवण्याच्या योजनांचाच वाद होता. बाबांनी नातवाला एवढेच विचारले, “प्लेटवर काय लिहिलंय? आणि वरचा बोजा कोण घेणार?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६०० निवडला होता. सहा गाभे, मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, गरजेनुसार तो स्वतःच ४.४ पर्यंत जातो. इंटेलमध्ये वेग वाढवायचा तर नावाअखेर ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा चिपसेट, असा दुहेरी खर्च येतो. एएमडीकडे ए ३२० आणि ए ५२० या चिपसेटवर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही. बी ४५० आणि बी ५५० वर येतो. हे ठाऊक नसेल तर गिऱ्हाईक फसते. एका दुकानदाराने आमच्यापुढे ए ५२० ठेवून “सब चलेगा” असे सांगितलेही. मुलाने खोक्यावरचा अंक वाचला आणि आम्ही पुढच्या दुकानात गेलो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र खोक्यावर नव्हते. मदरबोर्डला १२ व्होल्टची वीज मिळते. प्रोसेसरला लागते साधारण सव्वा व्होल्ट. हे रूपांतर प्रोसेसरच्या शेजारी बसवलेली मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर यांची रांग करते. शंभर वॉट सव्वा व्होल्टने द्यायचे म्हणजे ऐंशी अँपिअर. हा आकडा ऐकून बाबा चमकले. “अरे, हा तर वेल्डिंगचा करंट!” ते म्हणाले. शिवाय व्होल्टेज वाढले की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दहा टक्के आणि वेग पाच टक्के वाढवा, उष्णता सव्वापटीहूनही अधिक होते. वरचा बोजा घेते ती ही रांग. स्वस्त बोर्डात काटकसर होते तीही बहुधा इथेच : मॉस्फेट उघडे आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक नाही. रंगीत दिवे मात्र असतात.

त्यात आपली हवा. परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी हवाच चौतीस-पस्तीस अंशांवर असते. हीटसिंक शेवटी खोलीच्या हवेतच उष्णता सोडतो; तेव्हा परीक्षणातल्या आकड्यात दहा-बारा अंश मिळवूनच तो वाचावा. ज्या दमट हवेत सूत कमी तुटे, त्याच हवेत बोर्डाच्या पट्ट्यांना गंज चढतो.

अखेर आम्ही बी ४५० चा एक बोर्ड घेतला. त्यावर दिवे नव्हते, पण मॉस्फेटवर चांगले जाड हीटसिंक होते. हा प्रोसेसर बी ४५० च्या मागाहून आलेला असल्यामुळे दुकानातच बायॉस नवे करून घेतले. दोन्ही मिळून बजेटच्या आत बसले.

जोडणी बाबांच्या खोलीतच झाली. मुलाने वेग ४.६ वर नेला, चित्रफीत लावली आणि बाजूचे झाकण काढून ठेवले. बाबांनी मोटारीला लावतात तसा उलटा हात हीटसिंकजवळ नेला आणि लगेच काढून घेतला. पाऊण तासाने संगणक बंद पडला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद पडला. जितका वेळ चालला, तेवढ्यात बचत झाली होती ती काही मिनिटांची. १९९८ मध्ये काही प्रोसेसरमध्ये दीडपटीची सवड असे. आता ती सवड यंत्र स्वतःच वापरून घेते. नाव ‘ओव्हरक्लॉकिंग’च राहिले, हाती मात्र जेमतेम चार-पाच टक्के लागतात.

मुलगा हिरमुसला. दोन दिवसांनी त्याने उलटा प्रयोग केला. वेग प्रोसेसरवर सोपवला आणि व्होल्टेज थोडेथोडे कमी करीत नेले. तापमान उतरले आणि थंड झालेला प्रोसेसर आपणहून वरच्या वेगावर अधिक काळ टिकू लागला. चित्रफीत जवळजवळ तेवढ्याच वेळात पूर्ण झाली, आणि सबंध रात्रभर काम लावले तरी संगणक बंद पडला नाही. भारी मदरबोर्ड घेतला म्हणून पैसे वाया गेले का, असे मी विचारले. तो म्हणाला, “नाही, आता त्याच्यावर ताण नाही एवढंच.”

बोर्ड निवडताना तो किती पळवतो हे मी विचारत होते. बाबा विचारत होते, तो किती सोसतो. स्वस्तात निवड करायची असेल तर विचारण्याजोगा प्रश्न दुसराच आहे, हे मला आता पटले आहे.

बारावीसाठी दोन क्लास होतेच. तिसऱ्याचा अर्ज मी एप्रिलमध्येच आणून ठेवला होता. पैसे जूनमध्ये भरायचे होते. ते मी भरले नाहीत. मुलाने त्याबद्दल काही विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही. त्या वर्षी मंडळाची चित्रफीत वेळेवर तयार झाली.