डबल... की पास?

'ब्रिज म्हणजे सिव्हिलवाल्यांचा विषय ना?' हा जोक लेडीज हॉस्टेलमध्ये मी किमान पन्नास वेळा ऐकलाय. म्हणून आधीच सांगते, हा पत्त्यांचा ब्रिज. दुसरा ठरलेला जोक म्हणजे 'म्हाताऱ्यांचा खेळ'! त्यावर माझं उत्तरही ठरलेलं आहे. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्णपदक मिळवलं. म्हातारे तर म्हातारे, गोल्ड आणलं ना?

(माझं मराठी कॉन्व्हेंटचं. घरी बोलते तसंच लिहितेय, संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

चार माणसं, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पत्ते. खेळाआधी बोली लागते. 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम धरून आम्ही दहा हात करून दाखवतो. दोन्ही जोड्यांकडे बऱ्यापैकी पत्ते असले की बोली चढत जाते आणि एका जागी तुम्हाला वाटतं, आता काही यांचं होत नाही. तिथे तुम्ही 'डबल' म्हणू शकता. ते बुडाले तर तुम्हाला जास्त गुण, आणि झालं तर त्यांना जास्त. नाहीतर मुकाट्याने पास.

नव्याने शिकणाऱ्याला डबल फार आवडतं. रागही निघतो ना त्यात! पण जरा हिशोब करा. हॉस्टेलमध्ये आम्ही स्पर्धेच्या पद्धतीने गुण लिहितो. समोरचे व्हल्नरेबल नसतील आणि चार इस्पिक एका हाताने बुडलं, तर आपल्याला ५०. डबल असेल तर १००. म्हणजे कमाई पन्नासची. उलट त्यांचं झालं तर साधे ४२०, डबलमध्ये ५९०. म्हणजे नुकसान १७० चं. ते एकाच हाताने बुडणार असतील, तर चारपैकी तीन वेळा बरोबर येऊनही तुम्ही तोट्यात! दोन हातांनी बुडणार असतील तर गोष्ट वेगळी, तिथे १०० चे ३०० होतात.

गेल्या सेमिस्टरला (सबमिशनच्या आदल्या रात्री, अर्थातच) माझ्या हातात इस्पिकच्या दोन दुऱ्या-तिऱ्या, बदामचे राजा-गुलाम धरून चार, चौकटचे एक्का-राणी धरून चार आणि किलवरचे तीन फालतू पत्ते होते. पार्टनरने एक बदाम म्हटलं, उजवीकडून एक इस्पिक आलं, मी तीन बदाम, डावीकडून एकदम चार इस्पिक. पार्टनर पास, उजवीकडे पास. आता मी! हात तर छान दिसत होता. पण आमच्याकडे बदाम नऊ, म्हणजे त्या दोघींकडे मिळून फक्त चार. माझ्या राजा-गुलामावर हात मिळायच्या आधीच त्या हुकूम मारणार. जी पानं आपली बोली भक्कम करतात तीच त्यांना अडवायच्या वेळी कुचकामी ठरतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग पाच बदाम बोलावं का? यासाठी ज्याँ-रेने व्हेर्न या फ्रेंच माणसाने एक नियम मांडला. आपला हुकूम आपल्याकडे किती आणि त्यांचा त्यांच्याकडे किती, याची बेरीज साधारण दोघांच्या मिळून होणाऱ्या हातांइतकी येते. आमचे नऊ, त्यांचे नऊ, एकूण अठरा. त्यांचे दहा होत असतील तर आमचे आठच. म्हणजे पाच बदाम तीनने बुडणार, डबलमध्ये ५००. त्यापेक्षा ४२० स्वस्त. आणि शेवटचं म्हणजे पार्टनरचा पास. तिच्याकडे जास्तीचं काही असतं तर ती गप्प बसली नसती. मी पास म्हटलं. (चार इस्पिक झालं. साधे ४२०. पुढच्या डावाला लागलो.)

हे गणित कुणीही शिकवेल. पण आजोबांबरोबर खेळताना ते पुरत नाही.

मी आठवीत असताना आजोबांच्या चौकडीतले एक काका वारले आणि मला चौथा हात म्हणून बसवलं. तेव्हापासून सुट्टीत मी आणि आजोबा विरुद्ध डॉक्टरकाका आणि बँकेतले काका. आजोबा डबल क्वचित द्यायचे, पण दिलं की दिलं! मी पत्ते न बघता पास म्हणायचे. दोन वर्षांपासून ते विसरायला लागलेत. घेतलेली गोळी परत घ्यायला जातात. हुकूम काय आहे ते मध्येच विचारतात.

या दिवाळीत आजोबांनी एक बदाम म्हटलं, मी दोन, डॉक्टरकाका दोन इस्पिक, आजोबा तीन बदाम, बँकवाले काका तीन इस्पिक. मी पास, डॉक्टरकाका पास. आजोबांनी दोनदा विचारलं, 'बोली कुणाची?' आणि म्हणाले, 'डबल.'

घरी रबर खेळतो. एक गेम त्यांच्या खात्यात होता. साध्या तीन इस्पिकचे ९०, त्यात गेम होत नाही. डबलमध्ये १८०, म्हणजे गेम, आणि रबरच संपलं. माझ्याकडे बदाम चार, इस्पिक एकच. चार बदाम म्हणून पळता आलं असतं. मी मोजलं. डॉक्टरकाकांकडे पाच, बँकवाल्यांकडे तीन, माझा एक. उरले चार. ते आजोबांकडे असतील तर डॉक्टरकाकांच्या मागे बसलेत, डबल पक्कं. पण इस्पिक मीच बोलले असा आजोबांचा समज झाला असेल तर? आणि मी चार बदाम म्हटलं असतं, तर टेबलावरच्या तिघांनाही त्याचा अर्थ कळला असता. आजोबांना तर सगळ्यात आधी.

मी पास म्हटलं.

आजोबांकडे चार इस्पिक निघाले, राजा आणि दहा धरून. एक हात कमी पडला. २००! आजोबांनी स्वतः पेन घेऊन ते लिहिले, 'ते' या रकान्यात. डॉक्टरकाकांनी पेन मागून घेतलं, खोडलं, 'आपण' खाली २०० लिहिले आणि पत्ते पिसायला घेतले.