मुरुडची वाट

दापोली मागें टाकून मोटार उतरणीस लागली, कीं कांहीं वेळानें माडांच्या शेंड्यांमधून समुद्राची निळी रेघ दिसूं लागते. मुरुडला जावें असें आमच्या मनांत फार दिवस होतें. परंतु एकट्यानें नव्हे, सर्वांनीं मिळून. गेल्या माघांत तो योग आला. आम्ही उभयतां, आमचे दोन चिरंजीव, थोरली सून आणि सौभाग्यवतींची कन्या. हे शेवटचे दोन शब्द लिहितांना लेखणी अडखळते खरी. पण तिनें आमची कन्या व्हावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार तिचाच होता.

एकोणपन्नासाव्या वर्षीं आमचें घर मोडलें. दोन वर्षांनीं एका विधवा शिक्षिकेशीं आम्हीं विवाह केला, तेव्हां तिची मुलगी दहा वर्षांची होती. वडील मंडळींपैकीं कोणी लग्नास आलें नाहीं. पुनर्विवाहावर व्याख्यानें पुष्कळ ऐकलीं होतीं. दोन घरांचीं भांडीं एका फळीवर कशीं मांडावींत, हें मात्र कोणी सांगितलें नव्हतें. आमच्या तांब्यांवर प्रथम पत्नीचें नांव, तर तिच्या पातेल्यांवर तिच्या पहिल्या पतीचें. एकही नांव आम्हीं पुसूं दिलें नाहीं.

मुरुड हें धोंडो केशव कर्वे यांचें गांव. जांभ्या दगडाचे गडगे, पोफळींची गर्द सावली, दुर्गादेवीचें देऊळ आणि पलीकडे लांबच लांब वाळू. याच गांवांतून कर्वे परीक्षेकरितां घाट चढून पायीं सातार्‍यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परत पाठविले गेले. १८९१ सालीं त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुढें ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं आपल्या मित्राच्या विधवा भगिनी गोदूबाई यांच्याशीं पुण्यांत विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या होत्या. त्यानंतर याच मुरुडनें कर्व्यांवर बहिष्कार घातला. पोटच्या मुलाला जवळ करण्याची मातेलाही चोरी झाली. आज त्याच गांवांत त्यांचें स्मारक आहे. ज्या गांवानें दार लावलें, तेंच आतां पाहुण्यास वाट दाखवितें. याचा आम्हांला राग येत नाहीं, किंचित् हसूं येतें.

स्मारकापाशीं आम्ही मास्तरी सवयीनें हें सारें सांगत होतों. गोदूबाईंनीं 'माझे पुराण' लिहिलें, तें १९४४ त प्रसिद्ध झालें, इथपर्यंत आलों, तोंच कन्येनें विचारलें, "काका, राधाबाईंना मूल होतें ना?"

"होतें. रघुनाथ. विवाहाच्या वेळीं अकरा वर्षांचा."

"त्याला कोणीं विचारलें होतें का?"

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चौदा वर्षांत तिनें कधीं तक्रार केली नव्हती, आणि तिच्या त्या गुणाची आम्ही चारचौघांत स्तुति करीत आलों होतों! सौभाग्यवती समुद्राकडे पाहूं लागल्या.

परततांना आसूदला केशवराजाच्या दर्शनास उतरलों. बागांतून खालीं ओढ्यापर्यंत जावयाचें, सांकव ओलांडावयाचा, मग पायर्‍या चढावयाच्या. आमचे गुडघे मध्येंच थकले. पुढें थोरले चिरंजीव आणि कन्या चालत होतीं. झाडी दाट असल्यानें बोलणें स्पष्ट ऐकूं येत होतें.

"आम्हांलाही कोणीं विचारलें नव्हतें," चिरंजीव म्हणाले. "पहिलें वर्षभर मी माईच्या हातची आमटी मुद्दाम टाकीत असें."

"ठाऊक आहे. ती रात्रीं मलाच संपवावी लागे!"

यावर दोघेंही अशीं मोठ्यानें हंसलीं, कीं वरून उतरणारें एक माणूस थांबून पाहूं लागलें. आम्ही पायरीवरून उठूं लागलों, तोंच सौभाग्यवतींनीं हात धरून बसविलें. "थोडें थांबा," त्या म्हणाल्या, "जाऊं द्या त्यांना पुढें."

देवळाच्या आवारांत गोमुखांतून पाणी अखंड पडतें. आम्ही पोहोंचलों तेव्हां त्या दोघांनीं तांब्या भरून ठेवला होता, आणि आमची दोघांची मिळून उणींदुणीं काढणें अजून चालूच होतें.