पाच वडापाव, दोघांत किती?

‘अपडेट अव्हेलेबल’ अशी चिठ्ठी स्क्रीनच्या कोपऱ्यात आली, की माणसांच्या दोन जाती पडतात. एक, लगेच बटण दाबणारी. दुसरी, ‘रिमाइंड मी लेटर’वर आयुष्य काढणारी. मी दुसऱ्या जातीतली. चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा? मिक्सर, गीझर, स्कूटर... चालू आहे तोवर झाकण उघडायचं नाही, हे तत्त्वज्ञान आपल्याकडे घराघरांत आहे!

पण फोनच्या अपडेटचं काय, फार तर आयकॉनचे रंग बदलतील, बॅटरी दोन दिवस रुसेल. अख्खी भाषाच अपडेट झाली तर? म्हणजे उद्या सकाळी कुणी सांगितलं, की आजपासून व्याकरण बदललं, जुनी पत्रं चालणार नाहीत, सगळी नव्यानं लिहून काढा... पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांवर ही वेळ खरोखर आली होती.

आधी नावाचं सांगते. सापाचा इथे काही संबंध नाही बरं का! गीडो व्हॅन रॉसम नावाच्या डच प्रोग्रॅमरनं १९८९ च्या नाताळच्या सुटीत विरंगुळा म्हणून ही भाषा लिहायला घेतली आणि ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून तिचं नाव ठेवलं. १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली आणि हळूहळू जगभर पसरली. मग ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं. जुन्या चुका एकदाच साफ करायच्या म्हणून हे व्हर्जन जाणूनबुजून असं बनवलं होतं, की जुना कोड त्यात जसाच्या तसा चालणार नाही.

काय बदललं? उदाहरण वडापावचं घेऊ. पाच वडापाव, दोघं जण. प्रत्येकाला किती? तुम्ही म्हणाल, अडीच. पायथन २ म्हणायचं, दोन! पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की उत्तरही पूर्णच. उरलेला वडापाव कुठे गेला, हे विचारायचं नाही. पायथन ३ नं सांगितलं, अडीच म्हणजे अडीच. जुनं उत्तर हवं असेल तर भागाकाराची तिरपी रेघ दोनदा द्या. ‘प्रिंट’ या साध्या आज्ञेलाही कंस लागायला लागले.

कागदावर किती सोपं वाटतं ना! मला ते सोपं नाही, हे कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ताई अडतीस वर्षांची आहे, हिंजवडीत एका कंपनीत काम करते. पायथन २ चा पाठिंबा खरं तर २०१५ मध्येच थांबायचा होता. पण एवढ्या लोकांचा कोड अडकला होता, की २०१४ मध्ये मुदत वाढवून २०२० केली. १ जानेवारी २०२० ही शेवटची तारीख. म्हणजे अकरा वर्षं दोन भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि ताईच्या कंपनीला जाग आली २०१९ च्या गणपतीनंतर!

त्या दिवाळीत मावशीकडे फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडा होता. जुनं नव्यात बदलून देणारं एक टूल होतं. ‘प्रिंट’चे कंस ते मुकाट घालून द्यायचं. पण भागाकाराची प्रत्येक तिरपी रेघ माणसानंच बघायला हवी होती. इथे दोन अपेक्षित आहे की अडीच, हे टूलला कसं कळणार?

“एरर आली तर बरं असतं गं,” ताई चकलीचा तुकडा मोडत म्हणाली होती, “ती ओरडते तरी. इथे काहीच ओरडत नाही. नुसता हिशेब बदलतो.”

मार्चमध्ये अप्रेझल झालं. टीममध्ये कौतुक झालं ते नवं ॲप आणणाऱ्याचं. ताईला साहेबांनी विचारलं, तू वर्षभरात नवीन काय केलंस? ती म्हणाली, “जे चालत होतं, ते चालू ठेवलं.” साहेब हसले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. आजही हे सांगताना ती हसते, पण किंचित उशिरा.

आता तुम्ही म्हणाल, तुझी मास कॉमची डिग्री, तुझा या सगळ्याशी काय संबंध? संबंध आहे. आणि तो वेलांटीशी आहे!

मी एका साप्ताहिक पुरवणीत काही वर्षं लिहायचे. पुरवणी बंद पडली. माझ्या १४० लेखांच्या फाइली मला मिळाल्या. मध्यंतरी एका फेलोशिपच्या अर्जाला लेखांचे नमुने हवे होते. फाइली उघडल्या, तर आत मराठीचा मागमूस नाही. रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं! लेख जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झाले होते. या फाँटची गंमत अशी, की आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि वर नुसता मराठी मुखवटा. फाँट गेला, मुखवटा गळून पडला. माझी बायलाइनसुद्धा ओळखू येईना. अर्जाची मुदत दहा दिवसांवर.

ताईला फोन केला. रविवारी ती घरी आली आणि सगळ्यात आधी तिनं मला एक जादू दाखवली. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती, असं पायथन २ ला सरळ विचारलं, तर उत्तर यायचं १५! कारण ते अक्षरं मोजायचंच नाही, बाइट मोजायचं आणि हल्लीच्या सर्रास वापरातल्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मराठी नीट हवी तर शब्दाआधी ‘यू’ हे अक्षर जोडून मुद्दाम सांगावं लागायचं. इंग्रजीला असलं काही करावं लागत नसे. पायथन ३ मध्ये मजकूर म्हणजे मुळातच युनिकोड. उत्तर येतं ५. म, र, काना, ठ, वेलांटी.

“पण आपण तर तीनच मोजतो,” मी म्हटलं. “म, रा, ठी.”

“तेवढं अजून त्याला समजत नाही,” ताई म्हणाली. “पंधराचे पाच झाले, हे काय कमी आहे?”

मग खरं काम सुरू झालं. कुठल्या रोमन चिन्हामागे कुठलं मराठी अक्षर, याचा तक्ता आम्ही छापील अंक समोर ठेवून बनवला. खरी मारामारी पुढेच होती. ‘किती’ हा शब्द जुन्या फाँटमध्ये दिसतो तसा साठवतात: आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आपण बोलतो तसा: आधी क, मग वेलांटी. ‘पूर्व’मधला रफार जुन्या पद्धतीत शेवटी येतो, नव्यात ‘व’च्या आधी. प्रत्येक शब्दात ही उचल-ठेव करायची.

“हेच २०१० मध्ये करत असते, तर निम्मा दिवस एरर वाचण्यातच गेला असता,” ताई म्हणाली. ज्या बदलानं तिची दिवाळी खाल्ली, त्याच बदलानं माझे लेख परत येत होते, आणि ते सांगणारी तीच होती.

त्या जुन्या प्रकरणानंतर पायथनवाले शहाणे झालेत, असं तिचं मत. आता दर ऑक्टोबरला एक छोटं व्हर्जन येतं, प्रत्येकाला साधारण पाच वर्षं पाठिंबा मिळतो, आणि काही काढून टाकायचं असेल तर सहसा आधी इशारा दिला जातो. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३.१४ आलं, शाळेतल्या ‘पाय’च्या किमतीचं! त्यात एखादा शब्द टाइप करताना चुकला, तर ‘तुम्हाला हे म्हणायचंय का?’ असं ते पूर्वीपेक्षा जास्त ठिकाणी विचारतं.

आणखी एक मोठा बदल आहे. चार जणांच्या फ्लॅटमध्ये एकच बाथरूम असलं की सकाळी काय होतं? चौघं तयार, पण आत एका वेळी एकच. पायथनच्या आतही असंच एक कुलूप वर्षानुवर्षं होतं. कॉम्प्युटरला कितीही कोअर असोत, एका प्रोग्रॅमचे अनेक धागे पायथनचा कोड एकदम चालवू शकत नसत. हे कुलूप नसलेली आवृत्ती २०२४ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली, पण ऐच्छिक. ज्याला हवी त्यानं घ्यावी. पायथन ३ च्या वेळी झालं ते पुन्हा नको, हे भाषेच्या सुकाणू समितीनं २०२३ मध्येच स्पष्ट केलं होतं.

आमच्या स्क्रिप्टमध्ये मी हट्टानं एका व्हेरिएबलचं नाव ‘वेलांटी’ ठेवलं. चक्क देवनागरीत! पायथन ३ ला ते चालतं.

“ऑफिसात असलं काही केलं तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतील,” ताई म्हणाली. पण खोडलं नाही.

रात्री साडेनऊपर्यंत १४० पैकी १३७ लेख स्वच्छ मराठीत आले. उरलेले तीन मी हातानं टाइप केले. अर्ज वेळेत गेला.

स्क्रिप्टची फी म्हणून ताईनं मला एक काम दिलं. तिची टीम यंदा पायथन ३.९ वरून पुढे सरकली. त्याचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. पुन्हा तेच न दिसणारं काम आणि पुन्हा तोच अप्रेझलचा फॉर्म. ‘नवीन काय केलंत?’ हा रकाना तिनं माझ्यासमोर सरकवला. “तू लिही. तुला शब्द सुचतात.”

मी तासभर तिला प्रश्न विचारले, एखाद्या मुलाखतीत विचारतात तसे. किती फाइली बदलल्या, काय बंद पडलं असतं, किती दिवसांसाठी, कुणाचा पगार अडकला असता. रकान्यात पाच ओळींची जागा होती. मी अकरा लिहिल्या. ताईनं वाचल्या, एक विशेषण काढायला लावलं आणि ‘सबमिट’ दाबलं.