आठवण हरवलेला खलपुरुष

भुवया नाहीशा झाल्या आहेत आणि आपण कोण हे आठवत नाही, अशा स्थितीत एक मांत्रिक शुद्धीवर येतो. कॅटलिन रोझॅकिस या लेखिकेच्या ‘ड्रेडफुल’ (२०२४) या इंग्रजी कादंबरीचा हा आरंभ. डोळे थकल्यापासून ग्रंथांशी माझा व्यवहार कानांमार्फत चालतो. हीही कादंबरी मी ऐकलीच.

या गृहस्थाला उमगते, की आपण गॅव्ह्रॅक्स नावाचे क्रूरकर्मा आहोत आणि आपल्याच तळघरात एक राजकन्या कोंडलेली आहे! चाकरीतले गॉब्लिन, म्हणजे बुटके भूतवजा प्राणी, त्याला पाहून चळचळ कापतात. त्यांचे भय हाच त्याचा आरसा. घोटाळा कोणाच्या ध्यानी येऊ नये म्हणून बिचाऱ्याला दुष्टपणाचे सोंग आणावे लागते. येथे मी मनमुराद हसलो.

मग आमचे एक काका आठवले. त्यांची पावले वाजली की घर चिडीचूप होई. अखेरच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती गेली आणि मागे एक लाजाळू, गोड म्हातारा उरला. काकूंना ते म्हणत, “बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो.” पाहुण्यांचे डोळे पाणावत. काकू एकदा पेज भरवता भरवता एवढेच म्हणाल्या, “ह्यांचं बरं आहे. ह्यांना काही आठवत नाही.”

मांत्रिक भला होऊ पाहतो, हे मला आवडलेच. पण दुसऱ्यांदा ऐकताना हसण्याच्या जागा बदलल्या. माझे कान त्या तळघराकडे लागून राहिले.