गंजलेले आटे, वयस्क हात

पत्नीच्या निधनानंतर अबोल झालेले माझे एक रुग्ण, निवृत्त फिटर, माळ्यावरचा जुना व्हाइस दुरुस्त करू लागले. त्यांना पुन्हा भूक लागू लागल्याचे सूनबाईंनी मला सांगितले. म्हणून वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या अशा उद्योगाला ‘भंगार’ म्हणून मोडता घालू नका.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आटे घट्ट बसतात. तेथे बळ वापरू नये. घणाने बीड तडकते. पाना निसटला तर ठिसूळ हाडांचे मनगट मोडू शकते. आट्यांवर पातळ तेल सोडावे, लाकडी हातोडीने हलके ठोकावे आणि रात्रभर थांबावे. स्क्रू हलला की पाव वळसा पुढे, तेवढाच मागे, पुन्हा तेल. यात आठवडाही जाईल. जाऊ द्यावा, रिकाम्या दुपारी पुष्कळ असतात.

तेल लावलेल्या भागाला ज्योत दाखवू नये. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. नातवंडाने ते प्यायल्यास उलटी न करवता थेट रुग्णालय गाठावे.

धनुर्वात गंजामुळे होतो, हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती-धुळीत असतात. खरचटल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. लस कधी घेतली हे आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी जाड हातमोजे घालावेत.

माळ्यावरून व्हाइस उतरवण्याचे काम मात्र मुलानेच करावे.