दुर्गापूरच्या घरातली दोन टबांची मशीन

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या आमच्या घरातली दोन टबांची वॉशिंग मशीन या उन्हाळ्यात कायमची थांबली. एका अंगाला धुलाईचा टब, दुसऱ्या अंगाला ड्रायर आणि वर फिरवायच्या चाव्या. १९९०च्या दशकात नोकरदार घरांत आलेल्या पिढीतली ती होती.

बाबा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीत होते. कोळशाची भुकटी एकदा शिवणीत शिरली की कितीही घासा, पाणी काळेच निघायचे. त्या कपड्यांनी आईची मनगटे दुखावली होती. मशीनने तो भार निमूटपणे स्वतःकडे घेतला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि पाणी जपून वापरावे लागते. त्या दिवसांत आई साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी खाणीचे कपडे टाकायची. मध्येच थांबवा, झाकण उघडा, कपडे बदला, मशीनने कधी अडवले नाही. भारनियमनात वीज गेली तरी परत आल्यावर चावी फिरवली की काम पुढे सुरू.

मशीनचे मोठेपण मला तिच्या आजारपणात कळले. आपले दुखणे ती स्वतःच सांगायची, आणि ते ऐकायला बाबांनी आम्हाला शिकवले. मोटर नुसती गुणगुणते, टबातली चकती फिरत नाही, पण लाकडी पट्टीने ढकलली की फिरू लागते, म्हणजे कंडेन्सर गेला. रबर जळाल्याचा वास आला, म्हणजे पट्टा सैल होऊन घसरतो आहे. झाकण उघडूनही ड्रायर थांबत नाही, म्हणजे ब्रेकची तार ढिली. टबात पाणी टिकत नाही, म्हणजे निचऱ्याच्या झडपेत शर्टाचे बटण किंवा केसांची पिन अडकली. प्लग काढल्याशिवाय मागचे झाकण उघडायचे नाही, हा नियम बाबांनी कधी मोडला नाही. वीज काढली तरी कंडेन्सरमध्ये ती उरते. म्हणून त्याच्या दोन टोकांना बल्बच्या तारा लावून ते आधी ती उतरवून घेत. मग गोल बाजारातून १० मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर यायचा आणि त्याच संध्याकाळी कपडे धुतले जायचे. पट्ट्यासाठी तर मोटरीचे नट सैल करून ती जराशी सरकवली की पुरे. एका पावसाळ्यात उंदरांनी खालून शिरून तारा कुरतडल्या, तेव्हा तळाला जाळी बसली.

तिच्यामागे बाबांखेरीज आणखीही हात होते. ड्रायरची मोटर पहिल्यांदा जळाली तेव्हा मूल गावच्या एका कारागिराने ती भरून दिली. राईस मिलच्या आणि शेतपंपांच्या मोटरी भरण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. जुन्या गुंडाळीचे वेढे त्यांनी एकेक करून मोजले, तारेची जाडी मापली आणि तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे घातले. वर वॉर्निश दिले आणि मोटर दारातल्या उन्हात वाळत ठेवली. एवढ्याशा मोटरीला त्यांनी मिलच्या मोटरीइतकाच वेळ दिला. त्यांच्या बोटांचे ऋण आमच्या घरावर आहे.

पुढे मशीनचे वय झाले. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार टबाला धरू लागला. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने आई तो काढायची. शेवटी ड्रायरखालचे रबरी सील झिजले, पाणी मोटरीवर ठिबकले, दांडा गंजला आणि टबाच्या बुडाला तडा गेला. त्या बनावटीचा टब आता मिळत नाही. ओळखीच्या मेकॅनिककाकांनी सगळे तपासून पान्हा खाली ठेवला. “भाऊ, आता हिला राहू द्या,” म्हणाले.

तिच्या पश्चात धुलाईची मोटर आणि टायमर धडधाकट आहेत. काकांनी ते जपून काढून घेतले. मोटर भद्रावतीच्या एका घरातल्या तशाच जुन्या मशीनला बसली आहे. टायमर त्यांच्या दुकानात आहे, ज्याला लागेल त्याच्यासाठी.