फाइल कधी बदलली?

आमचं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. इथल्या सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये स्वतःचा शक सुरू केला. लिनक्सचाही असाच एक शक आहे: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. त्यातल्या वेळेचे तीन शिक्के प्रत्येक फाइलवर असतात: वाचली कधी, मजकूर बदलला कधी, नोंद बदलली कधी. पहिले दोन आपल्याला मागेपुढे करता येतात; तिसरा फक्त कर्नल मारतो.

हा तिसरा शिक्का ठरावीक फंक्शनमधूनच मारायचा, अशी फेररचना २०२३ मध्ये ६.६ आवृत्तीत झाली. ते बदल वाचताना माझी नजर एकाच गोष्टीवर होती. पूर्वी घड्याळ एकदाच बघून तीच वेळ दोन्ही शिक्क्यांत जायची. आता दोनदा बघितलं, तर एकाच क्षणाच्या दोन वेळा पडतील. म्हणून नवं फंक्शन मारलेली वेळ परत देतं. तीच दुसऱ्यात भरायची.

शिक्का मारायचाच राहिला, तर बदललेली फाइल बॅकअपमधून सुटू शकते, आणि ते कळतं डिस्क गेल्यावर. त्यामुळे रिव्ह्यू करताना मी नव्या ओळींआधी खोडलेल्या ओळी वाचतो. त्या काय काम करत होत्या, हे कळल्याशिवाय होकार देत नाही.